समोरची लाईन

चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टवाल्याचं समोरच्या इमारतीतल्या मुलीशी जुळलं आहे, रोज सकाळी साडेसहाला तो खिडकीत उभा राहून तिला हातवारे करतो आणि ती तिकडून लाईन देते, अशी बातमी गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत फिरत होती. बातमी साफ खोटी होती. हे मी इतक्या खात्रीनं सांगतो, कारण ती मीच सोडली होती.

माझी बाजू आधी ऐकून घ्या. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणजे बरोबर त्याच्या पायाखाली. सकाळी कामाला निघालो की गल्लीतून वर बघायची सवय. तर हा खिडकीत. एका हातात उंच धरलेला फोन, दुसरा हात हवेत भराभर चाललेला, तोंड मिटलेलं. परदेशात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या कानावर जिन्यात आपल्या भाषेतलं वाक्य पडलं की पाय आपोआप थांबतात. माझे जरा जास्त वेळ थांबतात. एके दिवशी हा जिना उतरता उतरता फोनवर सांगत होता, "समोरून लाईन मिळेल असं वाटतंय गं. आमच्या बाजूनं काही अडचण नाही. तिकडून होकार आला की झालं."

आता बत्तीस वर्षांचा बिनलग्नाचा मुलगा असं बोलला, तर सभ्य माणसानं काय समजावं? मी सभ्य माणसाला विचारत बसलो नाही. सरळ न्हाव्याकडे गेलो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे खरं, पण न्हाव्याच्या तोंडापर्यंत तीळ पोचतच नाही, वाटेतच तो दुसऱ्याला देऊन टाकतो. चार दिवसांत बातमी गल्ली फिरून माझ्याकडे परत आली, तेव्हा तिच्यात एक अंगठी आणि मुलीचा तापट भाऊ अशी भर पडली होती. ते मात्र माझं नव्हे.

खरं काय ते आमच्या बायकोला कळलं, तळघरात, धुण्याच्या यंत्रांजवळ. तिची पद्धत वेगळी. ती सरळ विचारते. हा दोष तिच्यात लग्नाआधीपासून आहे.

"काय रे, सकाळी खिडकीत कोणाशी बोलतोस?"

"आईशी, काकू."

"आणि ते हात?"

"तेच बोलणं. आई जन्मापासून बहिरी आहे. लिहिता-वाचताही येत नाही तिला. खिडकीत नेट जरा धरतं, म्हणून तिथे उभा राहतो."

बायको वर आली, टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. बहिऱ्या माणसालाही ऐकू जावं असं ते बघणं होतं.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. लोक दोन मजल्यांच्या मध्ये अडकले की याला बोलावणं जातं. तिथे पोचला की आधी हत्यारं काढत नाही. बंद दारावर बोटांनी दोनदा टकटक करतो. दोष कुठे आहे, किती वेळ लागेल, हे सगळं नंतर. आत अडकलेल्याला आधी बाहेर कोणीतरी आहे एवढं कळायला हवं, असं त्याचं म्हणणं. बोलायला अगदी कमी. त्यामुळे आमच्यातले काही त्याला शिष्ट म्हणायचे. मीही म्हणायचो, म्हणजे मीच सुरुवात केली होती.

पण तो कमी बोलतो तो तोंडानं. त्याच्या घरची भाषा हातांची, आणि तीही शाळेत शिकवतात तशी नव्हे, घरात तयार झालेली. कानाची पाळी ओढली की हा स्वतः, कारण लहानपणी याचे कान सुपाएवढे होते. खांद्यावरून वेणी पुढे घेतली की ताई. ओठांवर बोट फिरवलं की वडील. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांची मिशी अजून रोज बोलण्यात येते. सहाव्या वर्षापासून हा आईचा दुभाषी. मास्तरांनी आईला शाळेत बोलावून तक्रार केली, तर तिचं भाषांतरही यालाच करावं लागायचं. 'मुलगा हुशार आहे, फक्त डबा जास्त द्या,' असं मास्तर म्हणताहेत, असं हा सांगायचा. आई मास्तरांच्या कपाळाकडे बघायची, याच्या हातांकडे बघायची आणि घरी जाऊन मार द्यायची.

मागे एकदा लिफ्टच्या दारात त्याची तर्जनी चेचली आणि तिला जाड पट्टी बांधली, तेव्हा आई तीन आठवडे त्याला 'बोबडा' म्हणत होती.

तर अशा मायलेकांच्या मध्ये आमच्या इमारतीचं नेट. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून येणारं, अंगात जीव नसलेलं. तुमच्या-माझ्यासारख्यांचं त्यात भागतं. चित्र अडकलं तरी 'जेवलास का' ऐकू येतं. इथे चित्र अडकलं की जीभच अडकली. बोटं जरा भराभर हलली की पडद्यावर त्यांचा लगदा. गंमत म्हणजे आईच्या गावात वर्षापूर्वीच फायबर आलं होतं. तिचा चेहरा याला लख्ख दिसायचा. रडत होतं ते इकडचं, परदेशातलं.

त्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. कॉफीच्या दुकानात गेला. तिथे सगळं गिऱ्हाईक त्याच एका फुकटच्या नेटला लोंबकळलेलं. शिवाय आईला 'ये' म्हणायला हात हलवला की वेटर यायचा. तीनदा आला. चौथ्यांदा यानं लाजून कॉफी मागवली. मग आधीच भरून ठेवलेली चित्रफीत पाठवून बघितली. आईनं ती पाहिली, मध्येच एक प्रश्न विचारला, पडद्यावरच्या मुलानं उत्तर न देता पुढचं सुरू ठेवलं. आईला वाटलं, परदेशात राहून मुलगा उद्धट झाला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. दुसऱ्या डोळ्याला आधीच उजेड-अंधारापलीकडे काही कळत नव्हतं, म्हणजे सगळी भिस्त याच डोळ्यावर. तिला कानही तोच आणि डोळाही तोच. डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली. ती हुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि तोवर बोटं दिसायचीही बंद होतील, असं स्पष्ट सांगितलं.

आईला समजावायचं काम याच्याकडे आलं. मोतीबिंदू हा शब्द त्यांच्या हातांत नव्हता. यानं डोकं चालवलं. दुधावरची साय चिमटीनं उचलून बाजूला करतो ना, ती खूण त्यांच्या घरात होतीच. म्हणून यानं डोळा दाखवला, डोळ्यापाशी चिमूट नेली, साय उचलली, बाजूला टाकली, आणि मग दोन्ही हात उघडून 'स्वच्छ'. वाक्य उत्तम होतं. पण नेट नेमकं चिमटीपाशी अडकलं. तिकडे पडद्यावर पोटचा मुलगा, डोळ्याला चिमूट लावून, तसाच थिजलेला. पूर्ण सव्वा मिनिट.

आईनं त्यातून घ्यायचा तोच अर्थ घेतला. डोळा उपटून काढणार.

त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. ताई समजावून थकली. आई म्हणे, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, मुलानं खरं ते दाखवलं. फोन समोर धरला की ती डोळे मिटून घ्यायची. त्यांच्याकडे डोळे मिटणं म्हणजे फोन ठेवणं.

म्हणून त्याला चांगली लाईन हवी होती. कंपनीच्या बाईनं विचारलं, "वेग किती हवा? खेळ खेळता? सिनेमे बघता?"

हा म्हणाला, "बोटं दिसली पाहिजेत."

त्या बाईनं शोधून सांगितलं, की फायबरची पेटी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर आहे, गल्लीवरून तार आणता येईल, पण त्या इमारतीच्या मालकिणीची सही लागेल. आमच्या मालकानं एका निरोपावर हो म्हटलं होतं. ते जिन्यातलं वाक्य तो ताईला सांगत होता. समोरून लाईन मिळेल, तिकडून होकार आला की झालं.

समोरची मालकीण म्हणजे आमची बटणवाली. तळमजल्यावर तिचं बटणं, चेन, दोरे आणि लोकरीचं दुकान. हा कागद घेऊन गेला. तिनं चष्म्यावरून याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "माझ्या भाडेकरू मुलीला खिडकीतून खुणा करणाऱ्याला मी माझ्या भिंतीला हात लावू देणार नाही." न्हाव्याची बायको लोकर तिच्याकडूनच घेते.

हा काही न बोलता परत आला. बोलायची सवय नाही ना. आमच्या बायकोनं जिन्यात गाठलं म्हणून निदान आम्हाला कळलं; मी दारातच उभा होतो. बातमी कोणी सोडली ते तिनं त्याला आधीच सांगून टाकलं होतं.

ती म्हणाली, "अरे, मग त्या मुलीकडेच जाऊन बोलायचं आईशी. तिच्याकडे असेल की चांगलं नेट."

"गेलो असतो, काकू. पण आता तिच्या दारात उभं राहायची सोय काकांनी ठेवली नाही."

हे तो रागानं म्हणाला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. तो नुसती माहिती दिल्यासारखं म्हणाला. मी चपला घातल्या.

शुक्रवार होता. दुकानात बटणवाली एकटीच होती, कोटाची बटणं आकारांप्रमाणे खणांत लावत होती. मी, मागे बायको, तिच्या मागे लिफ्टवाला. बायको मागे होती म्हणजे माझी परतीची वाट बंद होती.

"बाई, ती खिडकीची गोष्ट मी पसरवली," मी इथल्या भाषेत म्हणालो.

"तुम्ही बघितलंत ना?"

"हात बघितले. बाकीचं मी घातलं."

"आणि अंगठी?"

"अंगठी कोणी घातली मला माहीत नाही."

बायको म्हणाली, "भाजीत मीठ घालावं तसं हे बोलण्यात काहीतरी घालतात. चव बघत नाहीत."

बटणवालीनं हातातलं बटण ठेवलं. "मग तो खिडकीत करतो तरी काय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर लिफ्टवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे झाला. "मी दाखवतो. तुम्हाला काय समजतं ते सांगा." त्यानं आपला डोळा दाखवला, चिमूट डोळ्यापाशी नेली, आणि थांबला. हलेना. दुकानातलं घड्याळ तेवढं चालू. बटणवाली आधी हसली, मग तिचं हसू गेलं.

"डोळा काढणार?" ती म्हणाली.

"माझ्या आईला हेच समजलं," तो म्हणाला, चिमूट तशीच. "नेट इथेच अडकलं. पुढचं तिला दिसलंच नाही." मग त्यानं चिमूट हलकेच वर उचलली, साय बाजूला टाकली आणि दोन्ही हात उघडले. गुरुवारच्या तारखेचं सांगितलं. चार वाक्यांत. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

बटणवालीनं कागद पुढे ओढला. सही करताना म्हणाली, "भोक एकच पाडायचं. मागच्या वेळी माझी फरशी फोडली होती." आणि कागद परत देताना माझ्याकडे बघून, "तुम्हाला बटण देऊ का एखादं? तोंडाला लावायला."

बायकोनं तिच्याकडून त्या दिवशी गरज नसताना सहा गुंड्या घेतल्या. मैत्री अशी जमते.

कंपनीनं बुधवार दिला. ऑपरेशन गुरुवारी. बुधवारी सकाळी दोन माणसं शिडी घेऊन आली, आणि नेमका वारा सुटला. गल्लीवरून टाकलेली दोरी दोनदा परत गेली. तिसऱ्यांदा समोरच्या खिडकीतून त्या मुलीनंच ती पकडून दिली. होय, तीच. मी खाली उभा होतो, तोंड मिटून. कोणीतरी नोंद घ्यावी.

तार भोकातून त्याच्या खोलीत आली, भिंतीवर पेटी बसली. पेटीवर नारिंगी दिवा लागला आणि तसाच राहिला. हिरवा झाला की चालू, असं सांगून माणसं जिन्यातल्या जोडणीकडे गेली. आम्ही तिघं त्या दिव्याकडे बघत बसलो. खोलीत एकच खुर्ची, ती बायकोला. मी हत्यारांच्या पेटीवर. लिफ्टवाला उभा. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. त्यानं नखं खायला सुरुवात केली. मी म्हणालो, "अरे, बोटं शिल्लक ठेव, बोलायचंय अजून." तो हसला नाही. मलाही ते बोलून बरं वाटलं नाही.

चाळिसाव्या मिनिटाला दिवा हिरवा झाला. त्यानं फोन कपाटाला टेकवून उभा केला, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

ताईनं तिकडे उचलला. मागे आई पलंगावर बसलेली, डोळे घट्ट मिटून, हात मांडीवर उताणे. ताईनं तिच्या गुडघ्यावर थोपटलं. नाही. पुन्हा थोपटलं. नाही. मग ताईनं फोन अगदी तिच्या तोंडाशी नेला आणि आईनं, बहुतेक वैतागून, चांगला डोळा किलकिला केला.

इकडे याची बोटं चालू होती. सावकाश, एकेक. आई बघत राहिली. मान पुढे आली. दुसराही डोळा उघडला. ती फोनवर वाकली, इतकी की आम्हाला पडद्यावर फक्त तिचं कपाळ दिसायला लागलं. मग ती मागे झाली आणि हातांनी काहीतरी म्हणाली.

लिफ्टवाल्यानं आपले हात झटकन पाठीमागे लपवले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, नखांत काळं आहे."

मोतीबिंदूतून, समुद्रापलीकडून, वंगण दिसलं होतं. बायकोनं तोंडावर पदर घेतला, पदर नव्हता तरी, शाल होती. मीही खिडकीकडे तोंड केलं. वारा होता, डोळ्यात काहीतरी जातं.

मग त्यानं पूर्ण वाक्य सांगितलं. डोळा, साय, उचलणं, टाकणं, स्वच्छ. आईनं त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतः करून दाखवलं, चिमूट उचलली, बाजूला टाकली आणि याच्याकडे बघितलं, बरोबर का म्हणून. यानं मान हलवली. इतक्यात तिला आणखी एक आठवलं. तो प्रश्न त्यानं आम्हाला नंतर सांगितला. पट्टी बांधल्यावर मी अंधारात, तेव्हा तू बोलणार कसा?

तो थोडा वेळ थांबला. नेट चालू होतं. तोच अडकला होता. मग त्यानं आपल्या तळहातावर दोन बोटांनी दोनदा टकटक केली. ताईला तोंडानं सांगितलं, "पट्टी असेपर्यंत दर थोड्या वेळानं तिच्या तळहातावर असं कर. दोनदा. म्हणजे बाहेर आम्ही आहोत." आईनं हात पुढे केला. ताईनं टकटक केली. आईनं मूठ मिटली, जणू काही दिलेलं घेतलं, आणि मान डोलावली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. शुक्रवारी पट्टी काढली तेव्हा फोन समोर होता. आईनं बराच वेळ पापण्या उघडमिट केल्या, पडद्याकडे बघितलं आणि आपल्या कानाची पाळी ओढली.

हे सगळं निस्तरलं तेव्हा आमच्या घरात मला चहा पुन्हा वेळेवर मिळायला लागला. न्हाव्याला मी स्वतः जाऊन खरी हकीकत सांगितली. त्याला ती फारशी आवडली नाही. खऱ्या गोष्टीचा माल त्याच्याकडे खपत नाही.

परवा लिफ्टवाला जिन्यात भेटला. हातात नवीन झाडू आणि केराचं सुपडं. मी म्हटलं, "काय राजे, आता तर मजा आहे तुमची. एवढं पळणारं नेट, आईशी मनसोक्त गप्पा. आणखी काय हवं?"

तो दोन पायऱ्या वर जाऊन थांबला.

"कसली मजा, काका. नेट स्वच्छ झालं आणि तिचा डोळाही स्वच्छ झाला. काल दीड तास मला कपाटाखालचा केर काढायला लावला. पूर्वी निदान मी मध्येच अडकायचो तरी."